उजेडाचे थर

आपल्या सौंसर-पांढुर्णा भागातील जुन्या मराठी घरांत, ओसरी ओलांडून बैठकीत पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर एक चित्र हटकून दिसे. काही घरांत ते अजूनही आहे. साडी नेसलेली एक तरुणी, हातात पेटता दिवा, ज्योत विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा आणि त्या हाताच्या बोटांतून पाझरणारा तांबूस उजेड. चित्र कोणाचे असे विचारले की उत्तर ठरलेले असते : रविवर्म्याचे. आणि कशाने काढलेले असे विचारले तर तेही ठरलेलेच असते : तैलरंगाने, दुसरे कशाने असणार?

ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. चित्र सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आहे. हळदणकर १८८२ साली जन्मले आणि १९६८ साली निवर्तले. त्यांची कन्या गीता दिवा घेऊन उभी राहिली आणि १९४५-४६ च्या सुमारास हे चित्र पूर्ण झाले. राजा रविवर्मा त्याआधी चाळीस वर्षे, १९०६ साली, जग सोडून गेला होता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात आहे आणि ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते ओळखले जाते. दुसरी गोष्ट अशी की ते जलरंगातील आहे.

पहिली चूक नावाची आहे; ती एका वाक्यात दुरुस्त होते. दुसरी चूक पाहण्याची आहे, आणि ती तशी सहज दुरुस्त होत नाही. समोरच्या चित्रातील उजेड कागदातून येतो की रंगातून, हे आपल्या लक्षात येत नसेल, तर चित्राच्या कारागिरीविषयी आपण आजवर जे बोललो ते ऐकीव होते असेच म्हणावे लागेल. चित्रातील गोष्ट कोणती, चेहरा हुबेहूब उतरला आहे की नाही, पदराची जर खरी वाटते की नाही, एवढ्यावर आपली चित्रसमीक्षा थांबते. रंग कसा लावला, किती थरांत लावला, कोठे जाड आणि कोठे पातळ ठेवला, हा प्रश्न आपण विचारीत नाही. तो न विचारण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. ते लेखाच्या शेवटी सांगेन. आधी त्या प्रश्नाचे स्वरूप पाहू.

जलरंगात उजेड ही चित्रकाराने राखून ठेवण्याची वस्तू असते. पांढरा कागद हाच त्याचा दिवा. रंगाचे पातळ पाणी कागदावर पसरते, बाहेरचा प्रकाश त्यातून आत जातो, कागदावर आदळून परत येतो आणि येताना रंग घेऊन येतो. जेथे सर्वांत अधिक उजेड हवा तेथे चित्रकाराने हातच लावायचा नाही. हळदणकरांच्या चित्रातील ज्योतीभोवतीचे तेज हे अशा संयमाचे फळ आहे. एकदा काळोख चढला की तो पुसून उजेड परत आणता येत नाही. म्हणून हे काम चुकीला क्षमा न करणारे.

सतराव्या शतकातील युरोपीय तैलचित्रकारांची रीत याच्या नेमकी उलट होती. ज्या काळाला बरोक असे नाव पडले, त्या काळातील बहुतेक थोर चित्रकार अंधारापासून सुरुवात करीत आणि उजेड बाहेरून आणून चढवीत. कॅनव्हासवर किंवा लाकडी फळीवर आधी अस्तर दिले जाई. इटलीत ते पुष्कळदा तांबूस, तपकिरी, गडद असे. त्यावर एकदोन मातकट रंगांत आकृतीची उभारणी होई. मग शिशाच्या सफेत्याने उजळ भाग भरले जात. ते वाळल्यावर पारदर्शक रंगाचे पातळ लेप दिले जात आणि अखेर व्हार्निश. प्रत्येक थर वाळेपर्यंत दिवस, कधी आठवडे थांबावे लागे. म्हणजे अशा चित्रात काळाचे थरही असतात.

ही सारी रचना ज्या एका वस्तूवर उभी आहे ती आपल्या शेतकरी वाचकांस परकी नाही. ती म्हणजे जवस. जवसाची चटणी खाणाऱ्या आपल्या भागाला जवसाच्या तेलाचा गुण सांगायला नको. भांड्याच्या काठावर राहिलेला त्याचा ओघळ काही दिवसांनी चिकट होतो आणि पुढे कातडीसारखा घट्ट बसतो. हे तेल पाण्याप्रमाणे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू घेते आणि घट्ट होते. रंगारी दाराखिडक्यांना लावण्यापूर्वी जे बेलतेल वापरतात ते हेच तेल, लवकर वाळावे म्हणून उकळून संस्कारित केलेले. चित्रकाराच्या दृष्टीने या तेलाचा आणखी एक गुण मोलाचा आहे. खडूची भुकटी पाण्यात कालवून भिंतीला लावली तर भिंत पांढरी होते. तीच भुकटी जवसाच्या तेलात मळली तर सुतार वापरतो ती लांबी तयार होते, आणि ती पांढरी न दिसता मळकट, काहीशी पारभासी दिसते. काही रंगद्रव्ये तेलात शिरताच आपला अपारदर्शक स्वभाव सोडतात. काही, जसा शिशाचा सफेता, तो राखतात. एकाच माध्यमात काच आणि भिंत अशा दोन्ही वस्तू घडविण्याची सोय झाली. बरोक तैलचित्रणाचे सगळे सामर्थ्य या सोयीत आहे.

तिचा उपयोग तिघा-चौघांनी आपापल्या परीने कसा केला, ते पाहिले म्हणजे ‘थर’ या शब्दामागे किती निरनिराळ्या वृत्ती दडलेल्या आहेत हे ध्यानात येते.

काराव्हाज्जो (१५७१-१६१०) हा घाईचा आणि धाडसाचा चित्रकार. रोममधील सान लुईजी देइ फ्रांचेझी या चर्चमधले त्याचे संत मॅथ्यूच्या पाचारणाचे चित्र १५९९-१६०० मधले आहे. अंधाऱ्या खोलीत उजवीकडून तिरपा प्रकाश येतो आणि पैसे मोजीत बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर पडतो. काराव्हाज्जोने स्वतंत्र रेखाटने केल्याचे पुरावे मिळत नाहीत. त्याच्या कित्येक कॅनव्हासांवर ओल्या अस्तरात टोकदार वस्तूने ओढलेल्या खुणा मात्र सापडतात. सावलीच्या जागी तो अनेकदा नवा रंग लावीतच नाही. गडद अस्तर तसेच उघडे राहू देतो. म्हणजे त्याच्या चित्रातील काळोख ही मुळातली जमीन आहे, आणि माणसे तिच्यातून वर आलेली आहेत. आशय आणि रीत यांचा असा एकजीव मेळ क्वचित आढळतो.

रुबेन्स (१५७७-१६४०) याची प्रकृती वेगळी. तो उजळ अस्तर घेई आणि फळीवर काम करताना त्यावर रुंद कुंचल्याने करड्या-तपकिरी पातळ रंगाचे फराटे मारी. ते फराटे त्याच्या पुष्कळ चित्रांत आजही वरच्या रंगातून डोकावतात. सावल्या तो पातळ आणि उबदार ठेवी, उजळ भाग जाड लावी. या दोहोंच्या मधला जो प्रदेश, गालावरून मानेकडे वळताना कातडीवर येणारी निळसर छटा, तेथे तो निळा रंग घेतोच असे नाही. गडद थरावर सफेत्याचा अगदी पातळ हात फिरविला की ती छटा आपोआप उमटते. याचे कारण आपण रोज पाहतो. संध्याकाळी चुलीचा धूर मागच्या काळ्या झाडीवर निळसर दिसतो आणि तोच धूर वर उजळ आकाशासमोर गेला की पिवळट दिसतो. धुराचा रंग बदललेला नसतो. त्याच्या मागे काय आहे ते बदललेले असते. रुबेन्सने मानवी कातडी या धुरासारखी रंगविली.

रेम्ब्रांट (१६०६-१६६९) यांच्याही पुढे गेला. त्याच्या उत्तरायुष्यातील, साधारण १६६५ नंतरचे ‘ज्यू वधू’ या नावाने प्रसिद्ध असलेले चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात आहे. त्यातील पुरुषाची सोनेरी बाही हे थरांच्या विद्येचे टोक मानले जाते. तेथे रंग कुंचल्याने, आणि सुरीनेही, इतका जाड थापला आहे की त्याचे उंचवटे खोलीतला खराखुरा प्रकाश झेलतात आणि स्वतःच्या छोट्या सावल्या पाडतात. त्यावर पातळ पारदर्शक रंग फिरविल्यावर तो उंचवट्यांवरून ओसरतो आणि खाचांत साचतो. वधूच्या लाल वस्त्राची लाली एका रंगाची नाही. खाली हिंगूळ आणि वर किरमिजी लाल रंगाचा लेप आहे. अशा लाल लेपांना इंग्रजीत ‘लेक’ म्हणतात. तो शब्द आपल्या ‘लाख’ या शब्दावरून, मूळ संस्कृत ‘लाक्षा’वरून, तिकडे गेला आहे.

रेम्ब्रांटचा हा जाड रंग घसरत कसा नाही, या प्रश्नावर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने प्रकाश टाकला. त्याच्या काही चित्रांतील जाड सफेत्यात शिशाचा एक दुर्मिळ क्षार सापडला आणि त्यावरून त्याने तेलात मुर्दाडशिंग घातले असावे असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. रंगाला लोण्यासारखी उभी राहण्याची ताकद त्याने येते. अर्नोल्ड हौब्राकेन या चरित्रकाराने १७१८ मध्ये अशी आख्यायिका नोंदविली की रेम्ब्रांटच्या एका व्यक्तिचित्रावर रंग एवढा होता की चित्र नाकाला धरून जमिनीवरून उचलता आले असते. थट्टा असली तरी तिच्यात निरीक्षण आहे. नाकाच्या शेंड्यावर रंग सर्वांत जाड, कारण उजेड तेथे सर्वांत अधिक. आणि डोळ्यांच्या खोबणीत सर्वांत पातळ.

येथे बरोक रीतीचे सूत्र हाती लागते. सावली पातळ आणि पारदर्शक, उजेड जाड आणि अपारदर्शक. प्रकाश सावलीत शिरतो आणि आतच हरवतो, म्हणून डोळ्याला तेथे खोली वाटते; उजळ भागावर तो आपटून लगेच परत येतो, म्हणून तो भाग पुढे सरकल्यासारखा वाटतो. चित्राचा पृष्ठभाग सपाट राहत नाही. तो शिल्पाच्या दिशेने एक पाऊल टाकतो.

वेलास्केथ (१५९९-१६६०) याने मात्र हेच साध्य कमीत कमी रंगात मिळविले. १६५६ च्या ‘लास मेनिनास’मध्ये राजकन्येच्या बाहीवरची नक्षी जवळून पाहिली तर कुंचल्याचे चार विस्कळीत फटके दिसतात, दहा पावले मागे सरले की रेशीम दिसते. त्यामुळे जाडी म्हणजेच थोरवी, असा सोपा नियम करता येत नाही. कोठे किती लावायचे आणि कोठे थांबायचे, हा विवेक महत्त्वाचा.

आता आपल्याकडे वळू. ही विद्या मराठी मुलखात आली ती तिच्या उत्तरार्धात. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये स्थापन झाली. तोवर युरोपातील तैलचित्रणाची रीतच पालटली होती. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी कथलाची दाबनळी शोधली. तयार, एकसारखा, घट्ट रंग बाजारात मिळू लागला. चित्रकाराने रंग स्वतः घोटावा, कोणत्या थराला किती तेल द्यावे हे जाणावे, ही गरज मागे पडली. अनेक थरांऐवजी एकाच बैठकीत ओल्यावर ओला रंग लावून चित्र पुरे करण्याची पद्धत वाढली. आपल्या चित्रकारांना जे तैलचित्रण शिकविले गेले ते बरोकचे थेट वारस नव्हते. ते त्याचे शालेय रूप होते. प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाशाचा अभ्यास, मग जिवंत मॉडेल, मग रंग, असा तो क्रम.

रविवर्म्याची कहाणी याहूनही वेगळी आहे. तो कोणत्याही कलाशाळेत गेला नाही. १८६८ मध्ये त्रावणकोर दरबारी आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराला काम करताना पाहून त्याने तैलरंगाची बरीचशी रीत आत्मसात केली. पाहून शिकणाऱ्याला वरचा थर दिसतो. खालचे थर दिसत नाहीत. रविवर्म्याचा रेशमावरचा, दागिन्यांवरचा आणि सतेज कातडीवरचा हात निःसंशय असामान्य आहे. पण त्याचे सौंदर्य बहुतांशी पृष्ठभागाचे आहे आणि त्याच्या सावल्या मागे खोल जाण्यापेक्षा आकृतीला उठाव देण्याचे काम करतात. यात त्याला कमी लेखण्याचा हेतू नाही. त्याला सांगायची होती ती पुराणकथा, आणि पुराणकथेला स्पष्ट उजेड लागतो.

पुढे १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला, तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि १९०१ मध्ये फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे त्याची मालकी गेली. या व अशा छापखान्यांतून निघालेल्या ओलिओग्राफांनी आपली घरे भरली. ‘ओलिओग्राफ’ या शब्दातच तेल आहे. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून असे छाप पुष्कळदा व्हार्निश करीत, त्यांवर कॅनव्हासच्या विणीचा ठसाही उमटवीत. या छापांचे ऋण मी नाकारीत नाही. लक्ष्मी, सरस्वती, दमयंती यांचे चेहरे आपल्या आज्यांना त्यांनीच दाखविले. परंतु त्यांनी एक सवय लावली. छापात नाकाचा शेंडा आणि डोळ्याची खोबण सारख्याच पातळ शाईत असते. सगळीकडे सारखाच ठसवलेला कॅनव्हास म्हणजे कुंचल्याचा हात नव्हे. तीन-चार पिढ्या आपण तैलचित्र म्हणून तैलचित्राची सावली पाहत आलो, आणि मग जलरंगातील दिवाही आपल्याला तैलरंगातला वाटला तर नवल ते काय?

या सवयीचा दुसरा परिणाम समीक्षेत दिसतो. गोव्याच्या सांगे येथे १८७० साली जन्मलेले आणि १९३५ साली निवर्तलेले अंतोनियो शाविएर त्रिंदाद हे ज. जी. कलाविद्यालयाचे विद्यार्थी आणि पुढे तेथलेच अध्यापक. १९२० मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले ते पत्नी फ्लोरेन्तिना हिच्या ‘दोल्चे फार निएन्ते’ या चित्रासाठी. त्या इटालियन शब्दांचा अर्थ गोड आळस असा. त्यांच्याविषयी काहीही वाचायला घेतले की ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ ही पदवी भेटते. पदवी गौरवाची आहे, परंतु तिने त्यांच्या चित्रांकडे पाहण्याची वाट मोकळी केली की अडविली, हे तपासले पाहिजे.

पणजीच्या फोंतेन्हास भागात फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे त्रिंदाद आणि त्यांची चित्रकार कन्या आंजेला (१९०९-१९८०) यांच्या चित्रांचा संग्रह आहे. तेथे गेलो तेव्हा मी ही पदवी डोक्यात घेऊन गेलो होतो, आणि पहिला अर्धा तास तिनेच खाल्ला. गडद पार्श्वभूमी दिसली की मनात ‘रेम्ब्रांट’ म्हणायचे आणि पुढे सरकायचे, असे चालले होते. मग पदवी बाजूला ठेवून दोन साधे प्रश्न प्रत्येक चित्राला विचारले. सावलीतून नजर आत जाते की तेथे अडते? आणि उजेडाच्या जागी रंगाची जाडी वाढते का?

या कसोटीवर त्रिंदाद रेम्ब्रांटच्या कुळातले ठरत नाहीत, असे माझे मत झाले. त्यांचे बळ जाड उजेडात नाही आणि अथांग काळोखातही नाही; ते या दोहोंच्या मधल्या प्रदेशात आहे. आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ कातडीवर घरातला मंद प्रकाश पडतो तेव्हा उजेड आणि सावली यांची सीमा युरोपीय चेहऱ्यावर असते तशी तीव्र नसते. ती सीमा सांभाळणे हे कठीण काम. प्लॅस्टरच्या पांढऱ्या पुतळ्यावरून शिकलेला छायाप्रकाश येथे पुरा पडत नाही; चित्रकाराला तो नव्याने शोधावा लागतो. त्रिंदादांनी तो शोधला, हे त्यांचे खरे कर्तृत्व. ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हटल्याने नेमके तेच झाकले जाते, कारण त्या पदवीत फक्त काळोख मोजला जातो. परक्या थोरवीचे नाव देऊन गौरव करण्याची आपली सवय जुनी आहे. कोणी पूर्वेचा अमुक, कोणी महाराष्ट्राचा तमुक. त्यात कौतुक असते, पण पाहण्याचा कंटाळाही असतो.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो. रसिकाला हे सारे कशाला? स्वयंपाक आवडला की पुरे, फोडणीचा क्रम विचारायचे कारण काय? आक्षेप बिनतोड वाटतो, पण चित्राच्या बाबतीत तो लागू पडत नाही. जेवण संपते, चित्र मागे उरते आणि आपल्या स्वाधीन असते. थर समजत नसतील तर आपण ते राखू शकत नाही.

थर आणि त्यांची राखण हा विषय आपल्याला देवळात रोज भेटतो. जामसावळीच्या मारुतीला जाणाऱ्या वाचकांस शेंदराविषयी सांगायला नको. जुना शेंदूर शिशाचाच, आणि तो चढतो तेलात कालवून. वर्षानुवर्षांच्या लेपांची खोळ मूर्तीवर बसते, मूळ आकार आत राहतो आणि भक्ताला खोळच मूर्ती वाटू लागते. नाशिक जिल्ह्यातील वणीच्या सप्तशृंगीवरचा शेंदराचा थर २०२२ मध्ये काढण्यात आला आणि आतले मूळ कोरीव रूप दिसले, तेव्हा अनेकांना आनंद झाला आणि आपली ओळखीची देवी हरवल्यासारखे काहींना वाटले. दोन्ही भावना खऱ्या होत्या.

युरोपातही असेच घडले. रेम्ब्रांटचे १६४२ मधले सुमारे पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद असे भव्य चित्र ‘रात्रीचा पहारा’ या नावाने जगप्रसिद्ध आहे. ते नाव चित्रकाराचे नव्हे. व्हार्निश काळवंडत गेले, लोकांना रात्र दिसू लागली आणि नाव रूढ झाले. १९४६-४७ मध्ये ते काळे व्हार्निश काढल्यावर प्रसंग दिवसाचा असल्याचे स्पष्ट झाले. २०१९ पासून त्याच चित्राचा थराथराने अभ्यास चालू झाला, आणि त्यातून सर्वांत खालच्या थराची, अस्तराच्याही खाली कॅनव्हासला दिलेल्या शिसेयुक्त तेलाची, माहिती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणता थर चित्रकाराचा आणि कोणता काळाचा, हे ठरवूनच हात लावायचा असतो. ते न ठरविता हात लावला तर काय होते, हे सांगण्याचा अधिकार मला आहे.

आमचे घराणे भोसल्यांच्या काळी वऱ्हाडातून इकडे आले. १९५६ च्या प्रांतरचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, तेव्हा आपल्यासारख्या घरांना आपले मराठीपण सांभाळण्यासाठी पोथ्या, पत्रे आणि तसबिरी एवढाच आधार होता. आमच्या बैठकीत पणजोबांचे तैलचित्र होते. नागपूरच्या कोणा चित्रकाराने ते शंभरेक वर्षांपूर्वी काढलेले. कोपऱ्यातील सही अर्धवट. पणजोबा खुर्चीवर बसलेले, खांद्यावर लाल शाल, ती थेट चौकटीपर्यंत उतरलेली. ती शाल जवळजवळ काळी दिसे, पण दुपारचे ऊन खिडकीतून तिरपे आले की आतून निखारा फुलावा तशी उजळे. लहानपणी आम्ही भावंडे त्या वेळेची वाट पाहत असू.

मुलीच्या लग्नापूर्वी घराला रंग दिला तेव्हा ते चित्र फारच मळकट वाटू लागले. पाहुणे येणार होते. मी कोमट पाण्यात साबण आणि चिमूटभर सोडा टाकला आणि मऊ फडक्याने, अगदी हळुवारपणे, चित्र पुसायला घेतले. धूर, धूळ, पिवळे व्हार्निश निघू लागले आणि चेहरा उजळला. उत्साह वाढला. मग शालीकडे वळलो. फडके गुलाबी झाले. मला वाटले, मळ निघतो आहे. तीनदा फडके पिळले. शाल विटकरीसारखी, सपाट, भगव्याकडे झुकणारी झाली. पाहुण्यांनी कौतुक केले, चित्र नव्यासारखे दिसते म्हणाले. तेही खरेच होते. ते छापासारखे दिसत होते.

‘ज्यू वधू’च्या लाल वस्त्राविषयी मी पुढे कित्येक वर्षांनी वाचले. खाली हिंगूळ, वर किरमिजी लेप. त्या क्षणी फडक्याचा गुलाबी रंग डोळ्यांपुढे आला. त्या अनाम नागपुरी चित्रकाराने खालचा लाल थर वाळेपर्यंत वाट पाहिली होती, मग वर पारदर्शक लेप दिला होता, कदाचित दोनदा. शाळेत त्याला थरांची विद्या कोणी शिकविली असो वा नसो, त्याने ती मिळविली होती. साऱ्या मराठी मुलखातील शालेय चित्रणाला मी वर जे ‘शालेय रूप’ म्हटले, त्याला अपवाद माझ्याच भिंतीवर होता आणि मीच तो पुसून टाकला. हा दोष अज्ञानाचा होता म्हणून सौम्य ठरत नाही. चित्रात काय आहे हे मला तोंडपाठ होते. चित्र कशाचे आहे हे मी कधी पाहिले नव्हते.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी जुनी तैलचित्रे असतील. काही काळवंडली असतील, काहींना भेगा गेल्या असतील. त्यांना बटाट्याच्या फोडी, लिंबू, खोबरेल, साबण यांपैकी काहीही लावू नये. धूळ बसू नये म्हणून कोरड्या, मऊ, स्वच्छ कुंचल्याने अलगद झटकावे, पण रंगाचे पोपडे सुटत असतील तर तेही करू नये. ओल धरणाऱ्या भिंतीपासून आणि देवघरातील धुरापासून चित्र दूर ठेवावे. पुढचे काम जाणकार संवर्धकाचे. आणि एकदा तरी खिडकीतून तिरपा उजेड येईल अशा वेळी चित्रासमोर, आणि मग बाजूने, उभे राहून पाहावे. कोठे रंग उंच आहे, कोठे खोल आहे, सावलीतून नजर आत जाते का. असे पाहिल्यावर चित्रकाराच्या नावाची चर्चा करायला हरकत नाही.

मागल्या वर्षी त्या चित्राची चौकट किडीने पोखरली म्हणून उतरविली. चौकटीच्या खाचेत झाकलेली, बोटभर रुंदीची एक पट्टी माझ्या फडक्यापासून वाचली होती. तेथे शाल अजून काळपट आहे. चित्र खिडकीशी नेऊन तिरपे धरले तेव्हा त्या पट्टीतून तो जुना निखारा दिसला. नवी चौकट करवून घेताना सुताराला मी खाच थोडी अरुंद ठेवायला सांगितले.